चिठ्ठी नसलेल्यांसाठी पत्र

९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात राहणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणानं पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांना नोकरीसाठी अर्ज केला. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं समजलं, मी मॅट्रिक आहे, कॉलेजात एफ.ए.पर्यंत शिकलो पण अडचणींमुळे शिक्षण थांबलं, तेव्हापासून सगळा वेळ गणितात घालवतो आहे, नेमणूक झाल्यास कामाला न्याय देईन. पत्रात एवढाच मजकूर होता, जेमतेम पाच-सहा वाक्यांचा. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र जोडलेलं होतं. मद्रासमधली काही वजनदार गणितप्रेमी मंडळी या मुलाला ओळखत होती, त्यांचाही हातभार लागला. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांवर तो कामाला लागला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन.

अकरा महिन्यांनी, १६ जानेवारी १९१३ रोजी, याच कारकुनानं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. त्याआधी केंब्रिजच्याच आणखी दोन गणितज्ञांना लिहून काही उपयोग झाला नव्हता. आपण हिशेब खात्यात वर्षाला २० पौंडांवर कारकून आहोत, विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, हे त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग तो थेट हार्डींच्याच एका पुस्तिकेच्या ३६व्या पानावर आला. दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती असतात याचं नेमकं सूत्र अजून सापडलेलं नाही असं तुम्ही तिथे म्हणता, मला त्याच्या फार जवळ जाणारं सूत्र मिळालं आहे, असं त्यानं लिहिलं. पुढे पानामागून पान प्रमेयं. आपण गरीब आहोत याचा उल्लेख पत्राच्या शेवटाकडे येतो, तोही या प्रमेयांत काही मोल दिसलं तर ती प्रसिद्ध व्हावीत, या विनंतीच्या ओघात. मूळ संख्यांबद्दलचा त्याचा दावा पुढे तपासात टिकला नाही. पण बाकीची प्रमेयं हार्डी आणि त्यांचे सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांनी तपासली, आणि १९१४च्या वसंतात रामानुजन इंग्लंडला पोचला.

दुसरं पत्र नोकरीचा अर्ज नव्हतं, तरी मला ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. पहिल्या पत्रामागे ओळखी उभ्या होत्या, म्हणून मजकूर मोघम असूनही चाललं. दुसऱ्यामागे कुणी नव्हतं. वाचणारा हजारो मैलांवर, लिहिणारा अनोळखी, हातात पदवी नाही. तिथे दोनच गोष्टी कामी आल्या. ज्याला लिहायचं त्याच्या कामाची नेमकी माहिती, आणि तो स्वतः तपासून पाहू शकेल असा पुरावा. अर्जासोबतचं पत्र, ज्याला आता सगळे कव्हर लेटर म्हणतात, त्यात याच दोन गोष्टी हव्यात. बाकीचं सगळं दुय्यम.

आपल्याकडे नोकरीला लागण्याचा जुना रस्ता चिठ्ठीचा. मुंबईच्या गिरण्यांत मुकादम आपल्या गावच्या, भावकीतल्या माणसाला खात्यात चिकटवून देई. कचेऱ्यांत कुणा साहेबांची किंवा पुढाऱ्याची चिठ्ठी चाले. आजही मुलगा पदवीधर झाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'तिथं कुणी ओळखीचं आहे का?' ज्याच्याकडे ओळख आहे त्याला पत्राची फारशी गरज पडत नाही. पत्र लागतं ते औशाच्या, शहाद्याच्या, देवरुखच्या त्या मुलाला आणि मुलीला, ज्यांच्या घरात पुण्या-मुंबईच्या एकाही कंपनीतलं माणूस नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच मुलांची पत्रं सर्वांत मोघम असतात याचं वाईट वाटतं.

सगळीकडे हे पत्र लागत नाही, हे आधी सांगायला हवं. एमपीएससी, बँकांच्या परीक्षा, तलाठी किंवा पोलिस भरती, इथे ठरलेला ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. पत्राला जागाच नसते. कॉलेजच्या कॅम्पसमध्ये येणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्याही चाचणी घेऊन पुढे जातात. पण चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव इथल्या लहान-मध्यम कारखान्यांत, खासगी शाळांत, सामाजिक संस्थांत, प्रकाशनगृहांत, दवाखान्यांत, सीएच्या कार्यालयांत अर्ज कुणीतरी माणूस उघडून वाचतो. बऱ्याचदा तो मालक असतो किंवा एकटीच सगळं बघणारी एचआर. परदेशात तर काही ठिकाणी पत्र जवळजवळ सक्तीचं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयची मुलं तिकडचे अर्ज भरू लागली आहेत. तिथे अर्जाच्या संचात 'आन्श्रायबेन' नावाचं एक पानी पत्र असतं, आणि ते नसेल तर अर्ज अर्धवट मानण्याची पद्धत जुनी आहे.

आता वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. एका जागेसाठी मेलमध्ये ढिगानं अर्ज पडलेत. दुपारी एक गाडी माल घेऊन निघायची आहे, त्यामध्येच हे काम उरकायचं. प्रत्येक अर्ज उघडताना त्या एचआरच्या मनात एकच प्रश्न असतो: हे काम या माणसाला जमेल का, आणि जमेल असं मी कशावरून समजू? तुमचा बायोडाटा तुम्ही काय काय केलं याची यादी देतो. त्या यादीतलं नेमकं काय या जागेच्या कामाचं आहे, हे जोडून दाखवणं पत्राचं काम. ते जोडलं नाही, तर ती जोडत बसत नाही. पुढचा अर्ज उघडते.

आपली अडचण शाळेपासून सुरू होते. दहावीच्या पेपरात विनंतीपत्र आणि मागणीपत्र असतं. प्रति, विषय, महोदय, 'वरील विषयास अनुसरून', 'सविनय सादर', 'कळावे', 'आपला विश्वासू'. साच्याला माझा विरोध नाही. कुणाला लिहितो, कशाबद्दल लिहितो हे वर स्वच्छ मांडण्याची सवय चांगलीच आहे. पण त्या पेपरात गुण साच्याला मिळतात, त्यामुळे मधल्या परिच्छेदात कोणताही मजकूर चालतो अशी समजूत घट्ट होते. पुढे हाच साचा इंग्रजीत जातो. 'रिस्पेक्टेड सर', 'विथ ड्यू रिस्पेक्ट', 'आय बेग टू स्टेट', 'काइंडली डू द नीडफुल'. समोर बाई असली तरी 'सर'. मधे 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', 'टीम प्लेयर', 'क्विक लर्नर'. ही विशेषणं खोटी असतात असं नाही. ती सगळेच लिहितात, आणि वाचणाऱ्याला ती तपासता येत नाहीत, म्हणून त्यांचा काही उपयोग होत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, पिरंगुटला मसाले बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीला कनिष्ठ लेखापाल हवा आहे. जाहिरातीत टॅली, जीएसटी आणि पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ ही कामं दिली आहेत. बार्शीची एक बी.कॉम. मुलगी अर्ज करते. ती दोन वर्षं तिथल्या एका करसल्लागारांकडे काम करते आहे. तिचं पहिलं पत्र बहुधा असं उतरेल: 'मी आपल्या जाहिरातीत नमूद केलेल्या पदासाठी अर्ज करू इच्छिते. मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू असून दिलेले काम वेळेत पूर्ण करण्याची क्षमता माझ्यात आहे. मला टॅली व जीएसटीचे उत्तम ज्ञान आहे. तरी मला सेवेची एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.'

यात चूक काहीच नाही. पण हे पत्र राज्यातला कोणताही बी.कॉम. झालेला माणूस जसंच्या तसं पाठवू शकतो. आता त्याच मुलीला शेजारी बसवून विचारावं की तू दिवसभर नक्की काय करतेस? मग ती सांगते, आणि पत्र असं होतं:

'महोदय/महोदया,

कनिष्ठ लेखापाल पदाच्या आपल्या जाहिरातीत पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ हे मुख्य काम दिले आहे. गेली दोन वर्षे मी बार्शीतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात प्रामुख्याने हेच काम करते. डाळ मिल आणि आडत व्यापारी अशा १४ ग्राहकांची खरेदी नोंदवही दर महिन्याला जीएसटीआर-२बी शी ताडून पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुरवठादारांनी बिले वेळेत भरावीत म्हणून ११ तारखेआधी मी त्यांना फोन करते. १४ तारखेला २बी आले की त्यात न दिसणाऱ्या बिलांची यादी काढते आणि त्यांचे क्रेडिट त्या महिन्यात न घेता पुढे ओढते, म्हणजे २० तारखेचे विवरणपत्र भरताना शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.

टॅली प्राइमवर रोजच्या नोंदी मी स्वतः करते. कारखान्यातील साठा आणि उत्पादनखर्चाचा हिशेब मी अजून केलेला नाही. तो शिकण्याची संधी हे आपल्याकडे अर्ज करण्याचे एक कारण आहे. ग्राहकांची नावे काढून टाकलेले ताळमेळाचे एक नमुना पत्रक मुलाखतीच्या वेळी दाखवू शकेन. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची सूचना देऊन रुजू होता येईल.

आपली विश्वासू'

पत्रात 'कष्टाळू' हा शब्द कुठेच नाही, आणि मुलगी कष्टाळू आहे हे वाचणाऱ्याला कळतं. पहिलंच वाक्य तिच्याबद्दल नाही, कंपनीच्या गरजेबद्दल आहे. तारखांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जीएसटीत दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादारानं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरलं नाही, तर त्याचं बिल त्या महिन्याच्या २बी मध्ये येत नाही आणि खरेदीदाराचं क्रेडिट अडकतं. हे दुखणं ज्या कंपनीच्या लेखा विभागाला माहीत आहे, त्याला ही मुलगी कामातली आहे हे एका वाक्यात समजतं. न येणारी गोष्ट तिनं लपवली नाही. ती लपवली असती तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर आलीच असती. आधीच सांगितल्यामुळे बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. आणि नमुना पत्रकातली ग्राहकांची नावं काढीन, हे सांगून हिशेबाची गुप्तता तिला कळते हेही तिनं दाखवलं. हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण लेखा विभागात माणूस घेताना मालकाच्या मनात हिशेब बाहेर फुटण्याचीच धास्ती असते.

असं पत्र लिहायला भाषा फार यावी लागत नाही. आपण रोज काय करतो ते क्रियापदांत सांगता यायला हवं. मी तर म्हणेन, आधी एका कागदावर मराठीत, बोलतो तसं, कामाची पाच-सात वाक्यं लिहा: मोजते, तपासते, फोन करते, नोंदवते, दुरुस्त करते. जाहिरात समोर ठेवून त्यातली दोन-तीन निवडा. पत्र इंग्रजीत लागणार असेल, तर ती वाक्यं लहान ठेवून मग इंग्रजीत न्या. जाहिरात ज्या भाषेत, पत्रही त्या भाषेत, हा साधा नियम पाळावा.

निवडणं हे यातलं अवघड काम. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा व्हिंची मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मागत होता. त्याच्या अर्जाचा मसुदा मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातल्या कागदांत आजही आहे. त्यात दहा मुद्दे आहेत, आणि बहुतेक युद्धाचे आहेत: उचलून नेता येतील असे हलके पूल, खंदकातलं पाणी काढून टाकण्याचे उपाय, तोफा, झाकलेल्या गाड्या. शांततेच्या काळातली इमारतींची कामं, शिल्प आणि चित्रकला दहाव्या मुद्द्यात, शेवटी येतात. शंका वाटल्यास तुमच्या बागेत प्रयोग करून दाखवतो, असंही तो म्हणतो. फ्लॉरेन्समध्ये त्याचं नाव चित्रकार म्हणून झालेलं होतं. पण मिलानच्या सत्ताधीशाला लढाईची काळजी होती, आणि लिओनार्दोनं आपल्या आवडीचा क्रम बाजूला ठेवून त्याच्या काळजीचा क्रम लावला. तुम्हाला कविता करायला आवडत असेल, राज्यस्तरीय कबड्डी खेळला असाल, तर ते बायोडाटात जरूर असू द्या. पत्रात ते तेव्हाच यावं, जेव्हा त्या जागेशी त्याचा संबंध लागतो.

नुकतंच शिक्षण संपलेल्यांचा प्रश्न खरा आहे: अनुभवच नाही, तर पुरावा कुठून आणायचा? माझं म्हणणं असं की पुरावा असतो, पण तो पुरावा आहे हे मुलांना वाटत नाही. गावच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे उभं राहून फॅट आणि एसएनएफ काढून पुस्तकात भरणारा मुलगा गुणवत्ता तपासणीच्या जागेसाठी अर्ज करतो आणि त्याबद्दल एक शब्द लिहीत नाही. गणेश मंडळाचा खजिनदार असलेला मुलगा वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा हिशेब लावतो, मंडपवाल्याचं बिल कमी करून घेतो, शेवटी जमाखर्च फळ्यावर लावतो, आणि पत्रात लिहितो 'अनुभव: निरंक'. पॉलिटेक्निकच्या मुलीनं प्रोजेक्टसाठी व्हीएमसी यंत्रावर केलेल्या जॉबची मापं मायक्रोमीटरनं तपासली, त्यातले काही रद्द झाले, का झाले ते शोधून फिक्स्चर बदललं. ही गोष्ट तीन वाक्यांत सांगितली, तर चाकणचा प्रॉडक्शन मॅनेजर ती नक्की वाचेल, कारण त्याचा दिवस रिजेक्शन कमी करण्यातच जातो.

गरिबीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. 'घरची परिस्थिती हलाखीची आहे, वडील आजारी आहेत, मला नोकरीची नितांत गरज आहे, मी आपला आजन्म ऋणी राहीन.' अशी वाक्यं मी वाचली आहेत आणि ती खरी असतात हे मला माहीत आहे. पण नोकरी देणारा या वाक्यांवर निर्णय करू शकत नाही, कारण गरज ढिगातल्या प्रत्येकालाच आहे. मात्र त्याच परिस्थितीतून तुम्ही केलेलं काम हा भक्कम पुरावा ठरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा कष्ट करून शिकण्यात कमीपणा नाही हे त्यांनी वसतिगृहांतून रुजवलं. 'कमवा आणि शिका' योजना आज अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चालते. तीन वर्षं ग्रंथालयात पुस्तकं लावली, प्रयोगशाळेत साहित्य मांडलं, बागेत काम केलं आणि त्या पैशात मेसचं बिल भागवलं, ही हकिगत कितीतरी मुलं लाजेपोटी पत्रातून गाळतात. गाळू नका. 'पदवीची तिन्ही वर्षे मी कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात रोज काम केले आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद संगणकावर ठेवली' हे वाक्य वेळेवर येणाऱ्या, जबाबदारी पेलणाऱ्या माणसाचं आहे. त्यात कुठे दया मागितलेली नाही.

मधे काही वर्षं नोकरी सुटलेली असेल, तर तेही एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. बाळंतपण आणि मुलांचं संगोपन, घरातल्यांचं आजारपण, स्पर्धा परीक्षांची तयारी. एमपीएससीत चार-पाच वर्षं घालवून आता खासगी नोकरीकडे वळणाऱ्या मुलांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि त्यांना त्या वर्षांची उगाच खंत वाटते. 'या काळात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. आता पूर्णवेळ खासगी क्षेत्रात काम करण्याचा निर्णय घेतला आहे' असं लिहून पुढच्या वाक्यात कामावर यावं. लांबलचक खुलासा केला, की वाचणाऱ्याचं लक्ष त्या रिकाम्या जागेवरच खिळतं.

काय लिहू नये याबद्दलही एक गोष्ट गांभीर्यानं सांगायची आहे. आपल्या बायोडाटात अजूनही धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय असे रकाने सापडतात. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तर दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. आडनाव लपवा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण कंपनीनं न विचारलेले रकाने आपण होऊन भरण्याचं काही कारण नाही, आणि पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी हा दोष पत्रानं दूर होणारा नाही. तो नोकरी देणाऱ्यांनी दूर करायचा आहे.

आता काही तांत्रिक गोष्टी, झटपट. पत्र एका पानात मावावं. तीनशे शब्द पुष्कळ झाले. मेलनं अर्ज करत असाल तर पत्र मेलच्या मजकुरातच लिहा, बायोडाटा पीडीएफमध्ये जोडा, आणि फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. 'न्यू फायनल २' अशा नावाची फाइल कुणाला सापडत नाही. विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीचा क्रमांक असल्यास तो, आणि तुमचं पूर्ण नाव. ती ओळ रिकामी सोडू नका. मराठी पत्र श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप करून वर्ड फाइल पाठवली, तर समोरच्या संगणकावर निरर्थक अक्षरं उमटतात. डीटीपीवाल्याकडून पत्र करून घेणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ पाठवा. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर अर्ज आधी एखादं सॉफ्टवेअर चाळतं, म्हणून जाहिरातीतले कामाचे शब्द, उदाहरणार्थ यंत्राचं किंवा प्रणालीचं नाव, जसेच्या तसे तुमच्या मजकुरात असू द्या, अर्थात ते काम खरोखर येत असेल तरच. पगाराची अपेक्षा विचारली असेल तर सांगा, नसेल तर पत्रात आणू नका. कंपनीचं नाव आणि पद पाठवण्याआधी पुन्हा बघा. जुन्या पत्रात नाव बदलायचं राहून जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

चॅटजीपीटीकडून पत्र लिहून घ्यावं का, हे हल्ली प्रत्येक मार्गदर्शन शिबिरात विचारतात. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी वाक्य सरळ करायला ते जरूर वापरा. ज्यांना इंग्रजीमुळे मागे राहावं लागत होतं, त्यांना ही मोठी मदत आहे. पण नुसतं 'लेखापाल पदासाठी पत्र लिहून दे' म्हटलं तर हाती येतं ते पुन्हा विशेषणांचं पत्र, फक्त गुळगुळीत इंग्रजीतलं, आणि तसंच पत्र तुमच्या आधीच्या दहा जणांनी पाठवलेलं असतं. बार्शीच्या त्या मुलीचे १४ ग्राहक आणि ११ तारखेआधीचे फोन फक्त तिला माहीत आहेत. ते तिनंच सांगावे लागतात. आणि न केलेलं काम कुठल्याही साधनानं पत्रात घालू नये. प्रमाणपत्रं आणि आधीची नोकरी यांची पडताळणी आता लहान कंपन्याही करतात, आणि एकदा खोटं पकडलं गेलं की त्या औद्योगिक वसाहतीत ते नाव बराच काळ लक्षात राहतं.

पत्र पाठवल्यावर आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही, तर एकच छोटा मेल किंवा फोन करावा: अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज केला होता, निवड प्रक्रिया कुठवर आली हे कळेल का? रोज फोन करू नये. नकार आला तर आभार मानून पुढच्या अर्जाला लागावं, आणि पुढचं पत्र त्या पुढच्या जागेसाठी नव्यानं लिहावं. एका दिवसात पन्नास ठिकाणी तेच पत्र पाठवण्यापेक्षा आठवड्यात चार ठिकाणी नीट लिहिलेलं पत्र पाठवलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी एक विनंती अर्ज मागवणाऱ्यांना. जाहिरातीत 'हुशार, मेहनती व होतकरू उमेदवार पाहिजेत' एवढंच लिहिलंत, तर पत्रंही तशीच येतील. माणसानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करायचं आहे, कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीवर, कुणाच्या हाताखाली आणि साधारण किती पगारावर, हे चार ओळींत छापा. आणि आलेल्या प्रत्येक अर्जाला निदान पोच द्या, निवड झाली नसेल तर तसं दोन ओळींत कळवा. गावाकडची मुलं त्या उत्तराची वाट बघत असतात.